घासलेला नंबर

आमच्या मालकांच्या पिस्तुलावरचा नंबर मीच घासून घालवला. ते जिते व्हते तवा कशानं घासते ते त्यांना सांगितलं न्हाई. ते गेल्यावर लेकीलाबी सांगितलं न्हाई. सांगायची येळ आली ती देहूरोडच्या बाजारात, बंदुकीच्या दुकानात. चार मानसं म्होरं हुबी, आन त्यातला येक पोलीस.

मालक फौजेत व्हते. पेन्शनीवर आले ते हितं टाकव्यालाच. दोन पोती भाताची जमीन, त्यात काय भागतंय? मंग येका ठेकेदाराकडं लागले. त्याची रोकड लोणावळ्याला बँकेत पोचवायची, हे काम. ज्याच्याजवळ सोताचं हत्यार हाय त्यालाच ठेवायचा, असा ठेकेदाराचा नेम. म्हनून लायसन काढलं. लय हेलपाटे झाले त्यासाठी. मंग पिस्तुल आलं. बत्तीस बोरचं, सरकारी कारखान्यातलं. नवं व्हतं तवा काळंनिळं दिसायचं, पिकल्या जांभळावानी.

त्या पिस्तुलानं त्यांनी कदी मानसावर गोळी झाडली न्हाई. जनावरावर न्हाई. आमी विहारात जानारी मानसं, रोज पंचशील म्हननारी. मी येकदा इचारलं, "ह्ये कंबरंला लावून पंचशील म्हंता, कसं वाटतं?" तर म्हनाले, "लावलंय म्हनून तर काडायची पाळी येत न्हाई." दसऱ्याला गावातली मानसं यायची, "भाऊ, पिस्तुल द्या की, पुजेत ठिवतो." हे म्हनायचे, "हळदीकुंकवानं गंज चढतो. पुजायचंच आसंल तर तेलाची बाटली आना." मानसं हसत जायची.

पाऊस लागायच्या आदी येक दिवस ते पिस्तुल खोलायचे. पांढरं फडकं हातरायचं, त्यावर येक येक भाग मांडायचा, पुसायचा, तेल द्यायचं. मला जवळ फिरकू द्यायचे न्हाईत. आमच्याकडं पाऊसकाळात भिताडं घाम सोडतात. गोदडीला बुरशी येते, ट्रंकंतल्या साडीला येते. लोखंडाची काय कथा?

येकदा जिन्यावरनं घसरले तवा पिस्तुल दगडावर आपटलं आन मुठीच्या फळ्या तडकल्या. हातात धरायची जागा असती ना, तिच्या दोन बाजूंच्या त्या फळ्या. त्यांनी शिसवाचं लाकूड आनलं आन घरीच तासून दोन नव्या फळ्या केल्या. बसवताना फळीखाली मोहळाचं मेन वितळून वतलं, वरनं स्क्रूच्या डोक्यावरबी वतलं. म्हनाले, "आता हितनं पानी जायाची बिशाद न्हाई." त्यानंतर ती मूठ कदी खोलली न्हाई.

मंग त्यांच्या अंगावरनं वारं गेलं. डावी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोलनं तुटक झालं. तीन पाऊसकाळ ते खाटंवर व्हते. पैल्या पावसात मला म्हनाले, "पिस्तुल. पुस." मी ट्रंक उघाडली तर फडक्यात लाल गंज उतरलेला. मला काय म्हाईत? मी जल्मभर भांडी घासली. तांब्याचा हंडा चिचंनं घासायचा, तवा राखंनं घासायचा. तसंच घासलं. लखलखीत निघालं. पर त्याचा काळानिळा रंग ग्येला. रंग ग्येला म्हनून दुसऱ्या साली दुप्पट गंज आला. मंग विटकरीच्या भुकटीनं घासलं. तिसऱ्या साली शेजारी दाराला रंग द्यायचं काम चाललं व्हतं, त्यांच्याकडनं काचकागद मागून आनला. त्यानं लय झ्याक निघालं. गोळ्या आमी कवाच परत दिल्या व्हत्या, त्यामुळं भ्याचं काय कारन न्हवतं. बसून दोन घंटे घासलं.

त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चांगल्या हाताचा अंगठा फिरवला. नळीच्या कडंला जितं आकडे व्हते तितं अंगठा आला आन थांबला. परत फिरवला. मंग माज्याकडं बगितलं. मी म्हनलं, "काय झालं? चांगलं न्हाई निघालं?" ते काय बोलले न्हाईत. त्या साली त्यांना बोलता येत व्हतं, तरी बोलले न्हाईत. पिस्तुल फडक्यात गुंडाळलं आन माज्याकडं दिलं.

ते ग्येले तवा मला कळलं की काय झालं. बारावं-तेरावं आमच्यात न्हाई, पुन्यानुमोदन झालं, पाव्हनं ग्येलं, आन मी पिस्तुल चौकीत जमा करायला काडलं. मला अक्षरं जमत न्हाईत, आकडे येतात, यष्टीच्या पाटीवरचे वाचन्यापुरते. उजेडात धरलं तर आकडे न्हाईतच. नुसती पांढरी पट्टी.

चौकीतल्या जमादारानं फडकंबी सोडलं न्हाई. लायसनचं पुस्तक बगून नंबर उतरून घेतला, पावती दिली. मला सुटल्यासारकं झालं. तितनं ते हत्यार देहूरोडच्या दुकानात ठिवायला ग्येलं, कारन चौकीत जागा न्हवती. दुकानदार म्हनजी डोई पार पांढरी झालेली असामी, चष्म्यावर आनखी येक भिंग लावून काम करनारी. त्यानंबी पावतीवरनंच नंबर लिवला. आन मंग कागद आला, लायसनवाला मयत हाय, हत्यार इका, न्हाईतर सरकारजमा व्हईल.

माजी लेक लोणावळ्याला असती, हाटेलात काऊंटरवर कामाला. तिनं दुकानात जाऊन फोटो काडले आन मोबाईलवर टाकले. लायसनवाल्यांचा ग्रुप असतो म्हनं, दुकानदारानंच दाखवला. तितं मानसं आपापली जुनी हत्यारं इकायला ठिवतात, म्होरची मानसं बगून इचारतात, आन येव्हार मात्र दुकानातच, दोघांच्या कागदांवर. मी म्हनलं, "काय लिवलंस?" तिनं वाचलं, "वडिलांचं पिस्तुल. ओरिजिनल. उत्तम कंडिशन."

"उत्तम म्हंजी?"

"म्हणजे चांगलं गं. सगळे असंच लिहितात."

मी गप बसले. तितंच माजं चुकलं.

दोन-चार जनांनी इचारपूस केली. येकानं लिवलं, "फोटोत येवढं चमकतंय का? क्रोम केलंय का?" लेकीनं मला इचारलं. मी म्हनलं, "मी पुसत व्हते." ते खोटं न्हवतं. पर खरंबी न्हवतं.

मंग तुंगार्लीला बंगला असलेला येक साहेब तयार झाला. पुन्याचा मानूस, नोकरीतनं मोकळा झालेला, गोरा, पांढऱ्या मिशा. आमी दोगी कान्ह्यावरनं गाडी धरून देहूरोडला ग्येलो. दुकानदारानं पिस्तुल काऊंटरवर ठिवलं. साहेबानं हातमोजे घातले, खिशातनं भिंग काडलं. मला हसू आलं, मानूस दागिनं बगतोय जनू. पर जसजसं बगत ग्येला तसतसं त्याचं तोंड उतरत ग्येलं.

"ह्याचा नंबर कुठंय?"

दुकानदार वाकला. दिवा वडला. बराच येळ बगत बसला. "घासलाय," म्हनाला.

"घासलाय नाही हो, उडवलाय. आणि ह्या मुठी बघा. ह्या कारखान्याच्या आहेत? सुताराच्या आहेत!" साहेब माज्याकडं वळला. "आजी, हे कुणी आणलं?"

"मालकानं."

"कुठून?"

"दुकानातनं. लायसनवर."

साहेबानं लायसनचं पुस्तक उचललं. "ह्यात नंबर आहे. पण ह्या पिस्तुलावर नाही. म्हणजे पुस्तकातलं पिस्तुल वेगळं असणार. खरं विकून टाकलं आणि त्या जागी हा गावठी कट्टा ठेवला. मी असल्या केसेस बघितल्यात."

लेक म्हनाली, "साहेब, नीट बोला. माझे वडील फौजेत होते."

"फौजेतल्यांनाच बरोबर माहीत असतं, बाई."

मला त्या येळी बोलायला पायजे व्हतं. तोंडात जीभ व्हती. पर येका डोळ्यानं मला चिच दिसत व्हती, राख दिसत व्हती, आन दुसऱ्यानं हा मानूस. म्हनलं, हा हसंल. मंग म्हनलं, पोलिसात देईल. आन हा इचार करस्तवर साहेब मोबाईलवर फोटो काडून निगूनबी ग्येला. फोटोत माजा हातबी आला. हिरव्या बांगड्या न्हवत्या त्या हातात, पर वळखायचा त्याला वळखू आला.

दुकानदार मला म्हनाला, "मावशी, मी तुम्हाला ओळखतो म्हणून बोलत नाही. पण नंबर नसलेलं हत्यार माझ्याकडे सापडलं तर माझं दुकान बंद होतं. मला चौकीत कळवावं लागेल."

"कळवा," मी म्हनलं.

साहेबानं त्याच ग्रुपवर फोटो टाकला. मला लेकीनं वाचून दाखवलं न्हाई, पर फोटो फिरत गावात आला आन तीन जनांनी दाखवलं. "ओरिजिनल म्हणून डुप्लिकेट विकतात. सावध राहा. नंबर उडवलेला कट्टा. मयत नवऱ्याच्या नावावर धंदा." म्होरं काय काय मानसांनी लिवलेलं. चुलतदीर पारावर म्हनाला, "वैनी, भाऊनं कुनाला इकलं असंल हो? आमाला तर कदी येक च्या पाजला न्हाई." हसत म्हनाला, पर म्हनाला. पिठाच्या गिरनीवर बायका गप व्हायला लागल्या मी ग्येले की. ज्यांनी दसऱ्याला पिस्तुल मागितलं व्हतं त्यांच्यातला येक म्हनाला, "म्हनून देत न्हवते व्हय पुजेला!"

हे सगळं मी सोसलं. मी लय सोसलंय. सासू मारायची ते सोसलं, पोरगा तापात ग्येला ते सोसलं. पर रविवारी लेक घरी आली, भाकरी खाऊन झाली, हात धुतला आन माज्याकडं न बगता म्हनाली, "आई, खरं सांग. बाबांनी विकलं होतं का गं? त्या वर्षी घराचे पत्रे आले, ते कशातनं आले?"

पत्रे ठेकेदारानं दिवाळीला दिले व्हते. तिला म्हाईत व्हतं. तरी तिनं इचारलं. मानूस आपल्या बापाबद्दल असं इचारतं तवा त्या इचारन्याला परत घेता येत न्हाई. मी म्हनलं, "न्हाई इकलं." ती म्हनाली, "मग नंबर कुठे गेला?" मी गप. ती रडत लोणावळ्याला ग्येली.

ती ग्येल्यावर मी लायसनचं पुस्तक काडलं आन दारात उजेडाला बसले. आकड्यावर बोट ठिवलं आन वाचलं. चार. शून्य. सात. सात. येक. मोठ्यानं वाचलं. आन वाचताना मला वाटलं, हे मी आदीबी वाचलंय, असंच, मोठ्यानं. पुस्तकावरनं न्हाई. हातात लाकडाचा वास व्हता. शिसवाचा.

मंग ध्येनात आलं. मुठीच्या फळ्या बसवताना त्यांनी मला हाक मारली व्हती. चष्मा फुटलेला, नवा यायचा व्हता. "हितं बारीक आकडे हायेत बग, वाच." मी वाचले, त्यांनी पुस्तकाबरोबर मेळ घातला. "ह्योच तो," म्हनाले, आन मेन वतलं. म्हंजी मुठीखाली आनखी येक नंबर हाय. हाय का? का मी वरचाच वाचला व्हता? लय साल झालं त्याला. डोकं लावलं तेवढं लावलं, पर मूठ व्हती का नळी, ते काय नक्की आठवंना.

दुसऱ्या दिशी चौकीतनं पोलीस आला. तरना, पर बोलायला बरा. "मावशी, बुधवारी अकराला दुकानात या. हत्याराचा पंचनामा आहे. घेणारे साहेबही येतील. तुमचा जबाब लागेल."

"जबाबात काय सांगायचं?"

"जे खरं आहे ते."

बुधवारी मी पांढरी साडी नेसले. लेकीला सांगितलं न्हवतं, तरी ती आली, हाटेलाची रजा काडून. गाडीत माज्या शेजारी बसली, खिडकीकडं तोंड करून. देहूरोड आलं तवा फकस्त माज्या हातातली पिशवी घेतली.

दुकानात साहेब आदीच व्हता. पिस्तुल फडक्यावर ठिवलेलं. पोलिसानं कागद काडला, लिवायला लागला. "अग्निशस्त्रावर अनुक्रमांक दिसून येत नाही."

मी म्हनलं, "दादा, मूठ खोला."

"काय?"

"त्या लाकडाच्या फळ्या. त्या काडा. खाली नंबर हाय."

साहेब हसला. "आजी, आता नवीन गोष्ट?"

दुकानदार म्हनाला, "असतो काही पिस्तुलांना. पण साहेब, पंचनामा चालू असताना मी हात लावणार नाही. उद्या म्हणतील दुकानदारानंच नंबर मारला."

पोलीस माज्याकडं बगत व्हता. "मावशी, खाली नंबर असेल तर वरचा कुणी घालवला? ते सांगा आधी. ते लिहिल्याशिवाय मला काही उघडता येत नाही. नंबर घासणं गुन्हा आहे, कळतंय का?"

"आता कळतंय."

"मग?"

लेक माज्याकडं बगत व्हती. मला वाटलं, इतकी साल रोज सकाळी पंचशीलात खोटं बोलनार न्हाई म्हंते, आन बोलायच्या येळी गप बसले. गप बसनं त्यात धरलेलं हाय का न्हाई ते मी कुना भंतेला इचारलं न्हाई. इचारायची गरज न्हवती.

"मी घासला," मी म्हनलं.

"तुम्ही?"

"पैल्या साली चिच आन राख. दुसऱ्या साली विटकर. तिसऱ्या साली काचकागद. मालक खाटंवर व्हते. गंज चढत व्हता. त्यांना सांगितलं न्हाई कशानं घासते ते. त्यांचा दोष न्हाई. लिवा माजं नाव."

मंग साहेब म्हनाला, "चिंचेनं? पिस्तुल?" आन त्याच्या तोंडावर हसू आलं, आन लगेच ग्येलं, कारन दुकानदार पिस्तुलाच्या कडंवर बोट फिरवत व्हता. "साहेब, हे बघा. चोरानं कानसीनं घासलं तर एका जागी खड्डा पडतो. हे सगळीकडे सारखं उतरलंय. मुठीपासून टोकापर्यंत. कुणी हंडा घासावा तसं." त्यानं माज्याकडं बगितलं. "मावशी, तीन वर्षं? हाताला फोड नाही आले?"

"आले की."

पोलिसानं लिवलं. मला वाचून दाखवलं. मी सही केली, तेवढी येते. सही वाकडी आली, ते सगळ्यांनी बगितलं. बगू दे.

"आता उघडा," पोलीस म्हनाला.

स्क्रूवर मेन घट्ट बसलेलं. दुकानदारानं टोच्यानं खरवडलं, पर स्क्रू हालंना. तेल टाकलं, वाट बगितली. साहेब घड्याळ बगत व्हता. मला घोटभर पानी पायजे व्हतं पर मागितलं न्हाई. माज्या मनात येकच, ते मेन, ते शिसव, आन मी वाचलं ते नेमकं कुटं वाचलं. खाली काय नसलं तर? तर मी सोता सही करून दिली व्हती, आन मालकांवरचा डाग तसाच ऱ्हानार व्हता. येकाच्या जागी दोघं बदनाम.

स्क्रू फिरला. फळी निगाली न्हाई, मेनानं चिकटलेली. दुकानदारानं पातळ पट्टी घातली आन हळू उचलली. खाली पिवळं काळं मेन, दगडासारकं. ते त्यानं कापसावर रॉकेल घेऊन पुसलं. पुसता पुसता खालनं लोखंड दिसायला लागलं, आन ते लोखंड काळंनिळं व्हतं. पैल्या दिशी व्हतं तसं. जांभळावानी. माज्या हाताला तितवर जाता आलं न्हवतं.

"आहे," दुकानदार म्हनाला.

"थांबा," साहेब म्हनाला. "वाचू नका. आजी, पुस्तक न बघता सांगा."

लेक म्हनाली, "अहो, आईला लिहाय-वाचायला येत नाही."

"आकडे येतात," मी म्हनलं. "चार."

दुकानदारानं भिंग लावलं. "चार."

"शून्य."

"शून्य."

"सात. सात."

"सात... आणि सात."

"येक."

दुकानदारानं परत कापूस फिरवला. "एक," म्हनाला. पोलिसानं लायसनचं पुस्तक बाजूला ठिवलं, सोता वाकून बगितलं, आन पंचनाम्यात नंबर लिवला. लेक पाठीमागं स्टुलावर बसली. तिनं तोंडाला पदर न्हवता लावला, ड्रेस व्हता, तर ओढनी लावली.

साहेब खाकरला. "ठीक आहे. ओरिजिनल आहे, मान्य. पण कंडिशन, आजी! उत्तम कंडिशन लिहिलंत तुम्ही. ह्याचं सगळं पॉलिश गेलंय, मुठी घरगुती. ह्याची किंमत..."

"किमतीचं मागनं बगू," मी म्हनलं. "आदी लिवा."

"काय लिहू?"

"जितं पैलं लिवलं तितंच. ते पिस्तुल खरं हाय. मालकानं इकलं न्हवतं."

"अहो, नंबर जुळला असं लिहितो ना. तुमच्या नवऱ्यानं विकलं की नाही, लोकांना काय त्याचं?"

"त्या दिशी लोकांना काय व्हतं?"

दुकानदार खाली बगून फडकं घडी करायला लागला. पोलिसानं पेन बंद केलं आन उगंच टोपी सारखी केली. साहेबानं चष्मा लावला, मोबाईल काडला. बराच येळ लिवलं, पुसलं, परत लिवलं. मंग लेकीला दाखवलं. तिनं मोठ्यानं वाचलं, "मी आधी लिहिलेलं चूक होतं. पिस्तुल खरं आहे, मुठीखालचा नंबर पुस्तकाशी जुळला. मयत लायसनधारकानं काहीही विकलं नव्हतं. घरच्यांची माफी मागतो."

माफीचं मी म्हनलं न्हवतं. ते त्यानं आपलं आपन लिवलं. मानूस वाईट न्हवता.

"आता आमचंबी लिवून घे," मी लेकीला म्हनलं. "ते उत्तम काड. मी सांगते तसं लिव. खरं हाय. वरचा रंग ग्येलाय, तो मी घालवला. मुठीच्या फळ्या मालकानं केल्या."

"आई, असं कुणी लिहितं का?"

"तू लिव."

तिनं लिवलं. म्होरं दोन येळा मला चौकीत बोलावलं, काचकागद कुटनं आनला ते इचारलं, शेजाऱ्याचाबी जबाब घेतला. बिचारा घाबरून ग्येला, "आजी, मी दारासाठी दिला व्हता हो!" चौकीतल्या वरच्या साहेबानं समज दिली आन कागद मिटवला. कारखान्याकडनं परवानगी घेऊन वरचा नंबर परत मारला ग्येला, त्याला लय दिस लागले. पाऊसकाळ सरला, भात कापनीला आलं.

शेवटी तुंगार्लीच्या त्याच साहेबानं पिस्तुल घेतलं. दुसरे दोन तयार व्हते, पर त्यानंच फोन केला. म्हनाला, "ह्याची आता मला सगळी हकीकत माहीत आहे, दुसऱ्याला देऊ नका." कागदांवर सह्या झाल्या तवा त्यानं मला इचारलं, "आजी, पावसाळ्यात ह्याची काळजी कशी घ्यायची?"

मी म्हनलं, "तेल लावा. काचकागद लावू नका."

दुकानदार इतका हसला की त्याचं भिंग काऊंटरवर पडलं.

साहेबाला कारखान्याच्या नव्या फळ्या बसवायच्या व्हत्या. शिसवाच्या दोन्ही फळ्या दुकानदारानं कागदात गुंडाळून मला दिल्या. त्या माज्याजवळ हायेत. उजवीवर त्यांच्या तळहाताचा खळगा पडलाय, आतल्या बाजूला मेन तसंच हाय.

खाटंवर त्यांनी अंगठा फिरवला तवा मुठीखाली दुसरा नंबर हाय हे त्यांना ठाव व्हतं. म्हनून बोलले न्हाईत का? का मला वाईट वाटंल म्हनून? ते आता इचारायला मानूस न्हाई. लेकीला इचारलं तर ती म्हनाली, "दोन्ही असेल." आसंल.